कॉफीच्या मशीनवरची शिट्टी

श्री नगद नारायण प्रसन्न

बीड, ४ डिसेंबर २०२५

चिरंजीव बजरंगास अक्काचा आशीर्वाद, मागितला नसला तरी.

तू माझा फोन ब्लॉक केलास. शर्टाची गुंडी लावता येत न्हवती त्या भावाला एवढं यायला लागलं, बरं वाटलं. पण पत्र ब्लॉक होत नसतं. हे पत्र तानाजीच्या जीपमधी पुढच्या सीटवर बसून चकलांब्याला येईल, आन् तुझ्या हातात दिल्याबिगर तानाजी परतीच्या सवाऱ्या भरणार न्हाई, असं मी त्याच्याकडनं कबूल करून घेतलंय. फाडायचं तर वाचून फाड.

माझ्या धाकट्या धनश्रीचं लग्न ठरलं. आठ फेब्रुवारी, पालीच्या लॉनवर. पोरगा गेवराईचा, शिकलेला, आन् मुख्य म्हणजे हसरा हाय. पत्रिका घेऊन आमी दोघं रीतसर येऊच. तवा दार उघडायचं का लावायचं ते तुझं तू बघ.

थोरल्या संस्कृतीच्या लग्नात काय झालं ते मी विसरले न्हाई. भाचीच्या लग्नात पाव्हण्यांना गरम कॉफी मिळावी म्हणून तू आपल्या हौसेनं मशीन लावलंस, सकाळपासनं त्याच्यामागं उभा राहिलास. आन् त्या माइकवाल्यानं नवरीच्या मामाला बोलवायच्या टायमाला, समद्या सोयऱ्यांसमोर, ‘कॉफीवाले बजरंग, स्टेजकडं चार कप पाठवा’ असं फर्मावलं. तू गॅस बंद केलास, मशीन जीपमधी घातलंस आन् निघून गेलास. संस्कृतीला मंडपात आणलं एका चुलत-चुलत मामानं, ज्याला पोरीचं नावबी धड ठाऊक न्हवतं. अरे, माइकवाला भाड्याचा माणूस. त्याच्या तोंडाला मी काय कुलूप घालणार होते? पण तू दोन वर्षं माझ्या तोंडाला कुलूप घातलंस. ही कुठली रीत?

जाऊ दे. खबर सांगते. तुझ्या दाजीचं इंजिन झालं! गुडघ्याएवढं उंच, पण खरं. कोळसा खाणार, पाणी पिणार, वाफेवर चालणार आन् मागं माणसं बसवलेली ट्रॉली वढणार. जन्मभर ‘बीडला रेल्वे येणार, रेल्वे येणार’ ऐकून कान किटले म्हणून हे लेथवर बसले होते. ‘सरकारची येईल तवा येईल, माझी मी आणतो.’ शेवटी सरकारचीच आधी आली. अख्खं बीड स्टेशनात नाचत होतं आन् हे एकटे तोंड पाडून घरी. कावून म्हणून इचारलं, तर म्हणे मी हरलो.

आता धनश्रीनं हट्ट धरलाय. ‘मला घोडा नको, सजवलेली कार नको. मी पप्पाच्या रेल्वेवर बसून मंडपात येणार.’ पोरीनं असं म्हणल्यावर बापाचा कामावरचा हात थांबतो का?

पण घोडं एका जागी अडलंय. शिट्टी, सेफ्टी वॉल्व, पाण्याची पातळी दाखवणारी काच, कॉक, ही समदी पितळी पिलावळ यांनी घरीच कातलीय. ती एकदम इंजिनावर चढवायची न्हाई असा यांचा नेम. नवा गोऱ्हा भरल्या गाडीला जुंपत न्हाईत, आधी रिकाम्या जूवर फिरवतात, तसं. एक लहान बॉयलर घ्यायचा, त्याच्यावर एकेक वस्तू खऱ्या वाफेत बघायची, गळत असली तर नीट करायची, मगच इंजिनावर. असा बॉयलर कुठला निवडावा, ह्यावर आमच्या घरात रोज सभा भरतीय.

तुझे दाजी एकाच यंत्राचं नाव घेतेत. मी सांगितलंय, त्या मशीनचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई. मला भाऊ पाहिजे, त्याचं मशीन नको.

तुझी,
अक्का (उज्ज्वला. विसरला असशील म्हणून लिहिते.)


बीड, १७ डिसेंबर २०२५

बजरंगा,

तानाजी म्हणाला, तू पत्र वाचलंस आन् घडी करून खिशात ठेवलंस. फाडलं न्हाईस. चल, एवढं तर एवढं.

आमच्या सभेचा निकाल ऐक. मी कुकर सुचवला. तुझ्या दाजींनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी देवाला उष्टं दाखवलंय. कुकर पंधरा पौंड दाबाला शिट्टी देतो, इंजिन चालतं साठ पौंडावर. ‘जे भांडं जेवढ्यासाठी केलंय तेवढंच त्याला मागावं,’ म्हणाले. पटलं मला. डाळ शिजवली त्यात.

मग पंक्चरवाल्या हरिओमच्या कंप्रेसरवर शिट्टी लावून बघितली. वाजली, पण कशी? बकरू शिंकल्यासारखी. हरिओम हसून हसून टायरवर बसला. आन् म्हणे हवेवर गच्च बसलेला कॉक वाफ लागली की पाझरतो. पितळ तापल्याबिगर त्याचा स्वभाव कळत न्हाई. मी म्हणलं, माणसाचाबी.

आता खरं सांगते, पण आईला सांगू नको. तुला नगद नारायणाची आण हाय.

परवा मी नारायणगडला दर्शनाला गेलते. येऊन बघते तर न्हाणीतला बंब गायब! आईनं माझ्या रुखवतात दिलेला, तांब्याचा. वर्कशॉपमधी गेले तर बंबाचं झाकण पक्कं जोडून टाकलेलं, त्याला नळी लावलेली, आन् तुझे दाजी हातपंपानं त्यात पाणी दाबतेत. मला बघून दचकले आन् मास्तरासारखे समजावून सांगायला लागले. बंब म्हणजे बॉयलरच की! मधी विस्तवाची नळी, भवताली पाणी. आपल्या बायाबापड्या पिढ्यानपिढ्या बॉयलरवर आंघोळी करतेत. मी म्हणलं, करतेत, पण झाकण उघडं ठेवून करतेत.

तरी एक अक्कल केलती. विस्तव न्हवता, थंड पाणी होतं. वाफ करायच्या आधी थंड पाण्यानं दाब द्यायचा, फाटलं तर नुसतं अंग भिजतं. हे ते मला सांगत होते तवाच बंब टुण्णकन वाजला, त्याला आठव्या महिन्याचं पोट आलं, जोडाचा जुना डाक सुटला आन् पाण्याची चिळकांडी थेट यांच्या बनियनवर! डिसेंबरचं पाणी! धनश्री दाराला धरून हसत होती. मी चिडायला आलते, पण मलाच हसू आवरंना.

आन् भिजलेला माणूस कुडकुडत काय म्हणतो? ‘उज्ज्वला, बजरंगचं मशीन.’

मी म्हणलं, खबरदार.

अक्का


बीड, ३ जानेवारी २०२६

बजरंगा,

काल पत्रिका घेऊन आमी चकलांब्याला आलतो, तुझ्या दारात. तुझी संगीता म्हणाली, ते म्हशी चारायला गेलेत. बरं. पण तुझ्या चपला उंबऱ्यात होत्या. आन् म्हशी गोठ्यात बसून रवंथ करत माझ्याकडं बघत होत्या. अनवाणी, बिगर म्हशीचा तू कुठं काय चारत होतास, ते मला एकदा सांग. संगीता बिचारी लाल झाली. वरच्या खोलीत कुणीतरी शिंकलं तवा आईनं ‘मांजर हाय’ म्हणून सांगितलं. आपल्या आईला खोटं बोलता येत न्हाई, ह्या वयात कशाला बोलायला लावतोस?

मी कुंकू लावून पत्रिका देवापुढं ठेवली. मोठ्यानं वाचूनबी दाखवली, मांजरासाठी. मामा म्हणून तुझं नाव पहिलं छापलंय, ते दोनदा वाचलं. ऐकलंस ना?

तुझे दाजी तेवढ्यात ओसरीवर. मेणकापड बाजूला करून मशीनभवती असे फिरत होते जसं बाजारात बैल बघतेत. परत येताना जीपमधी तोंड बंद झालं न्हाई. काय तो जाड पत्रा! त्याचा स्वतःचा दाबाचा काटा हाय, स्वतःचा सेफ्टी वॉल्व हाय, गॅस बारीक-मोठा करता येतो, आन् वाफेच्या नळीला आटे हायेत, त्या आट्यांवर काहीबी बसवा. शिवाय दोन घोट पाण्याला लगेच वाफ धरतं. कॉफीला तीस पौंड लागतेत, पण अंगानं ते साठ सहज सोसेल, आधी थंड पाण्यानं दुप्पट दाब देऊन बघू. असा बॉयलर पैदा करायला गेलो तर लग्न उलटून जाईल. तानाजीबी गाडी चालवता चालवता मान हलवत होता.

 मला ठाऊक हाय ते मशीन चांगलं हाय. पण ज्या मशीनपायी माझा भाऊ कॉफीवाला झाला, ते मी त्याच्याकडं मागू? माझी जीभ झडंल.

ट्रॉली मात्र तयार झाली, लॉनवर टाकायचे रूळबी. पुढं तुझे दाजी गाडी हाकायला, त्यांच्यामागं धनश्री, आन् धनश्रीच्या मागं आणखी एक सीट. चाचणी घेतो म्हणून त्या सीटवर आमी ज्वारीची पोती ठेवली, एकावर एक. किती वजनाची ते मी सांगत न्हाई. एवढंच सांगते, संगीताला फोन करून इचारलं होतं.

अक्का


बीड, १४ जानेवारी २०२६, संक्रांत

बजरंगा,

काल भोगीच्या दिवशी तानाजी दारात हॉर्न मारत उभा. बघते तर जीपमधी, दोरखंडानं बांधलेलं, तुझं मशीन! एकटंच. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. तानाजी म्हणाला, ‘बजरंगभाऊ म्हणले, दाजीला द्या, काम झालं की पाठवा.’

तुझ्या दाजींचा चेहरा तू बघायला पाहिजे होतास. पाळण्यातलं पोरगं उचलायला जावं तसे दोन्ही हात पुढं करून निघाले. मी जीपच्या दारात आडवी उभी राहिले. म्हणलं, तानाजी, खाली उतरवू नको. वळव गाडी.

‘अगं, लग्न तोंडावर आलंय!’

‘आलंय. म्हणूनच.’

‘अगं, त्यानं होऊन पाठवलंय!’

‘मशीन पाठवलंय. तो कुठंय?’

आमचं असं भांडण शेजाऱ्यांनी भाजीची परडी हातात घेऊन ऐकलं. धनश्री माझ्या बाजूनं झाली. म्हणाली, ‘पप्पा, शिट्टी न्हाई वाजली तरी चालंल, मामा पाहिजे.’  मग दोरखंड तुझ्या दाजींनीच परत आवळला, आन् मशीनला एकदा हात लावून आत गेले. भोगीची भाजी-भाकर जेवले न्हाईत नीट.

बजा, मला मशीन तपासणीला नको असं न्हाई. लई पाहिजे. पण मशीन घेऊन भाऊ सोडला असं माझ्याकडनं होणार न्हाई. पाठवायचं असंल तर घेऊन ये. मशीनच्या नळीला तिळगुळाची पुडी बांधलीय. गोड बोल न्हाई म्हणत, नुसतं बोल.

अक्का


चकलांबा, १६ जानेवारी

अक्का,

माझं मशीन म्हंजी काय चेंडू हाय का, तू तिकडून फेकायचं आन् मी इकडून? तानाजी गावात हसत सांगत फिरतोय.

उद्या शनिवारी मशीन घेऊन येतो. दाजीसाठी येतो. कॉफीवाला म्हणून येतो, भाऊ म्हणून न्हाई. मशीन मी कुणाच्या हातात देत नसतो.

तिळगूळ आईनं खाल्ला. बंबाचं तिला कळलंय. कसं ते मला इचारू नको.

बजरंग


बीड, २२ जानेवारी २०२६

बजरंगा,

तू काल गेलास. माझ्या घरात राहून, माझ्या हातची भाकर खाऊन, तू माझ्याशी एक शब्द बोलला न्हाईस. मीठ पाहिजे असलं की धनश्रीला म्हणायचास, ‘तुझ्या आईला सांग मीठ वाढ.’ मी समोर उभी! मीबी धनश्रीला सांगायची, ‘कॉफीवाल्याला सांग, मीठ ताटातच हाय.’ पोरीची हसून पुरेवाट झाली. म्हणून आता पत्रातनं बोलते, तिथं तुला गप बसता येत न्हाई.

मी दारामागून समदं बघितलं. थंड पाण्यानं दाब देताना तू डोळे मिटून मशीनवर हात ठेवलास, आन् ते हललं न्हाई तवा ‘बघा दाजी!’ म्हणालास, तुझी छाती केवढी फुगली. सेफ्टी वॉल्व पहिल्या दिवशी चाळीस पौंडालाच फुसकारला. दुसऱ्या दिवशी तुमी दोघांनी त्याची स्प्रिंग बदलली, आन् साठाला बरोबर उचलला. पाण्याच्या काचेची गळती काढायला तुमी जमिनीवर पालथे पडलते, शाळेतल्या पोरांसारखे. दोघांची मिळून वयं किती?

आन् शिट्टी! पहिल्यांदा ती नुसती खोकली. तू म्हणालास, दाजी, वरची टोपी जरा खाली घ्या. घेतली. मग जी वाजली, बजा! गल्लीतली कुत्री गप झाली. तू टाळ्या पिटल्यास, नाचलास, ‘अक्का, ऐकलंस का गं!’ असं मोठ्यानं वरडलास. मग एकदम आठवलं तुला, की तू रुसलेला हायेस. तोंड परत फुगवून काट्याकडं बघायला लागलास. काटा बघितलास ना किती खाली आलता? तुझे दाजी तवाच म्हणाले, ही बया गोड गाते पण वाफ लई खाते.

मी काय कुणाला सांगितलं न्हाई. पण तू ‘अक्का’ म्हणालास. मी ते ऐकलं, आन् न्हाणीत जाऊन रडून घेतलं. आता बंब न्हाई तिथं, जागा मोकळी हाय.

आता कामाचं. समद्या फिटिंगा काल इंजिनावर चढल्या. एक थेंब गळत न्हाई. शिट्टीला एक लांब दोरी बांधायला लावलीय मी, मागच्या सीटपतूर. ती मागची सीट मामाची. नवरीला मामानं मंडपात आणायचं असतं, गाडी असली म्हणून रीत बदलत न्हाई. तू न्हाई आलास तर त्या सीटवर ज्वारीची पोती बसतील. चुलत-चुलत मामा बसणार न्हाई, हे मी शपथेवर सांगते.

आन् एक. माइकवाला मी तोच ठरवलाय. चिडू नको, मुद्दाम ठरवलाय. ज्या तोंडानं तो कॉफीवाला म्हणाला, त्याच तोंडानं त्यानं मामा म्हणलं पाहिजे. दुसऱ्याच्या तोंडचं मला चालणार न्हाई.

तुझं मशीन वर्कशॉपमधी राहिलंय. तू ते विसरलास, का ठेवून गेलास?

अक्का


बीड, ११ फेब्रुवारी २०२६

माझ्या बजरंगा,

आता तुझा फोन लागतो. काल रात्रीच्या जेवणाआधी तासभर बोललो आपण. तरी पत्र लिहितेय, कावून की काही गोष्टी तू बघितल्या न्हाईस. तू गाडीवर होतास, पुढं तोंड करून. मी मंडपात होते, समोर. म्हणून मी बघितलेलं तुला सांगते.

सकाळी तू आला न्हवतास. मुहूर्त जवळ आला तरी आला न्हवतास. तुझे दाजी इंजिनात कोळसा घालत होते आन् डोळा फाटकावर. मी सांगून टाकलं, पोती आणा. दोन माणसं पोती आणायला गेलीबी. तेवढ्यात माइकवाल्यानं घसा साफ केला. माझा जीव टांगणीला लागला. तो म्हणाला, ‘नवरी मुलीचे मामा, श्रीमान बजरंगराव चकलांबेकर यांना विनंती, त्यांनी भाचीला मंडपात घेऊन यावं.’  कुणी उठंना. सोयरे माना वळवून बघायला लागले. माइकवाला दुसऱ्यांदा म्हणाला, जरा हळू. मी पदर तोंडाला लावला.

आन् मग फाटकाच्या बाजूनं शिट्टी!

बजा, तू काय केलंस ते तुला तरी ठाऊक हाय का? गपचूप मागून येऊन पोत्याच्या जागेवर बसलास, आन् बोलवणं आल्यावर तोंडानं ‘आलो’ न म्हणता दोरी वढलीस. सातशे माणूस उभं राहिलं. झाडामागनं आधी धूर दिसला, मग तुझ्या दाजींची टोपी, मग माझी धनश्री, शालू सावरत हसणारी, आन् तिच्यामागं तू. भगवा फेटा, तुरा हलतोय, गुडघे पार हनुवटीला लागलेले, आन् शिट्टीची दोरी दोन्ही हातांनी धरलेली. तू ती सोडेनास! तुझे दाजी मागं वळून वरडत होते, ‘अरे, सोड, सोड की बे, वाफ संपली!’ तुला ऐकूच येत न्हवतं. तुझे डोळे मिटलेले होते, आन् गालावरनं पाणी चाललं होतं. हे तू बघितलं न्हाईस. मी बघितलं.

शिट्टी बारीक होत गेली, गाडी हळू होत गेली आन् मंडपाच्या अलीकडं, दहा पावलांवर, फुस्स करून थांबली. तुझे दाजी कपाळाला हात लावून बसले. पाव्हणे ‘आता गं बया!’ म्हणायला लागले. आन् तू काय केलंस? खाली उतरलास, धनश्रीला पोरवयात उचलायचास तशी उचललीस, शालूसकट, मुंडावळ्यांसकट, आन् चालत मंडपात आणलीस. धनश्री वरडत होती, ‘मामा, पडंन मी!’ तू म्हणालास, ‘दोन पोती ज्वारी उचलतो मी, तू काय हायेस!’ अख्खा मंडप हसला. संस्कृती माझ्या शेजारी होती. तिनं माझा हात घट्ट धरला आन् म्हणाली, ‘आई, माझ्या वाटणीचं राहिलेलंबी आज आलं.’

तुझे दाजी तीन दिवस झाले एकच बोलतेत. फिटिंग एकबी गळाली न्हाई, इंजिनात काही खोट न्हाई, समदी वाफ बजरंगनं खाल्ली. पण हे सांगताना त्यांच्या मिशा हसत असतेत. आणखी एक सांगतेत. पंगतीनंतर फेटा न काढता तू लॉनवर आणून ठेवलेल्या तुझ्या मशीनमागं जाऊन उभा राहिलास, कुणी न सांगता, आन् पहिला कप भरून माइकवाल्याला नेऊन दिलास. त्यानं दोन्ही हातांनी घेतला आन् म्हणाला, ‘मामा, साखर बरोबर हाय.’

आईचा राग गेला. नवा बंब घेऊन देते म्हणाली, पण जावयाच्या हाती पडू द्यायचा न्हाई, ह्या अटीवर.

राहता राहिलं तुझं मशीन. परत वर्कशॉपमधी आणून ठेवलंय, पुसून, मेणकापड घालून. तानाजी सकाळी आलता. म्हणाला, ‘अक्का, मी चकलांब्यालाच चाललोय, टाका जीपमधी, सोडतो.’ तुझे दाजी उचलायला वाकलेबी होते.

मी म्हणलं, कुणी हात लावायचा न्हाई. ज्याचं हाय तो येऊन नेईल.

तुझी अक्का